गच्चीवरची तार

सांगलीतील एका जुन्या व्यापारी घराच्या गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर, तांब्याची एक तार उभी आहे. तिची लांबी सात सेंटिमीटरांहून किंचित कमी. तिच्या बुडाशी तशाच चार तारा छत्रीच्या काड्यांप्रमाणे खाली झुकलेल्या आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसत नाही आणि दिसली तरी कोणी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही. परंतु त्या घरातील चार वर्षांचा अबोला सुटला तो या तारेमुळे.

घर हळदीच्या व्यापाऱ्यांचे. तीन पिढ्यांची अडत. घरातील कर्त्या पुरुषाला सर्वजण, नातवंडेसुद्धा, अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला अक्का. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि साठवणीतील हळद नासली, तेव्हा अण्णांनी देणेकऱ्यांची पै न पै फेडून पेढी पुन्हा उभी केली. त्या दिवसांत त्यांचा मोठा मुलगा शाळकरी होता. वडिलांच्या मागे उभा राहून तो भिजलेल्या मालाची पोती मोजीत असे. हाच मुलगा पुढे पेढी सांभाळणार, असे अण्णांनी मनाशी धरले होते. तो शिकला, बंगळूरला नोकरीस लागला, तिथेच राहिला आणि चार वर्षांपूर्वी घर घेण्यासाठी त्याने पेढीतील आपला वाटा मागितला. अण्णांनी एका शब्दाने नकार दिला नाही. व्याजासह रक्कम काढून दिली, खतावणीतील त्याच्या नावाचे पान उघडले आणि तळाशी लिहिले, ‘हिशोब पूर्ण. येणे-देणे नाही.’ त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे थांबले. मुलाचा फोन अक्कांना येई. अण्णा तेवढ्या वेळात वर्तमानपत्र उलगडून बसत.

धाकट्या मुलाची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने अंगठ्याएवढे एक यंत्र मागवले. संगणकावर दूरचित्रवाणी पाहता यावी म्हणून अशी यंत्रे मुळात बनली. २०१२ च्या सुमारास काही हौशी अभियंत्यांच्या ध्यानात आले की, त्यांतील चिपकडून हवेतील कच्चे रेडिओ संदेश जसेच्या तसे काढून घेता येतात. त्यानंतर थोड्याच काळात सॅल्व्हातोरे सान्फिलिप्पो या इटालियन प्रोग्रॅमरने विमानांचे संदेश वाचणारा प्रोग्रॅम लिहिला आणि सर्वांसाठी मोफत खुला केला. जे काम एके काळी मोठ्या संस्थांनाच शक्य होते, ते घरच्या गच्चीवरून करता येऊ लागले.

“विमानं मोजून काय मिळणार?” अण्णांनी विचारले.

“मोजायची नाहीत अण्णा, ऐकायची,” नात म्हणाली.

तिने समजावून सांगितले. आजची प्रवासी विमाने उपग्रहांच्या साहाय्याने आपले ठिकाण जाणून घेतात आणि १०९० मेगाहर्ट्झच्या लहरींवर ते सतत जाहीर करीत जातात. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. ठिकाण आणि वेग सेकंदाला साधारण दोनदा, फेरीचा क्रमांक दर पाच सेकंदांच्या आसपास. संदेश कोणा एकाला उद्देशून नसतो आणि त्याला कुलूपही नसते. ज्याच्याकडे ऐकण्याचे साधन आहे त्याने ऐकावे.

अण्णांना ते चटकन उमगले. पूर्वी काही बाजारपेठांत रुमालाखाली बोटे धरून सौदे होत. भाव दोघांनाच कळे. उघड लिलावात मात्र बोली साऱ्या बाजाराला ऐकू जाते. “म्हणजे हा उघड लिलाव आहे,” ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोके घातले.

पहिला प्रयोग फसला. नातीने तार खिडकीत ठेवली. लोखंडी गजांच्या जाळीतून दिवसभरात तीन विमानांचे तुटक संदेश आले. मग तिने तार गच्चीवर नेली आणि तिथून खालच्या मजल्यावरच्या संगणकापर्यंत पंधरा मीटर बारीक केबल सोडली. आता जास्त विमाने दिसतील अशी तिची खात्री होती, परंतु दिसले एकच. दोन दिवस ती हिरमुसून बसली. नंतर तिला कारण सापडले. इतक्या उच्च कंप्रतेचे संदेश बारीक केबलमधून जाताना मीटरामीटराला क्षीण होतात. गच्चीवर जे पोहोचत होते ते खाली येईपर्यंत जवळजवळ संपून जात होते.

जेवताना तिने हे सांगितले तेव्हा अण्णा हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, “ओली हळद कोणी लांबच्या बाजारात नेतं का? शेतावरच शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात आणि मग गाडी भरतात. तुझं यंत्र वर का ठेवत नाहीस?”

उत्तर नेमके तेच होते. यंत्र आणि पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा संगणक तिने प्लास्टिकच्या पेटीत घालून तारेच्या शेजारीच बसवला. संदेशांचे आकडे तिथेच तयार होऊ लागले आणि आकडे एकदा तयार झाले की लांब तारेतून खाली येताना त्यांत घट होत नाही. तांब्याची तार तिने पुन्हा मोजून कापली. या लहरींची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, म्हणून उभी तार तिच्या चौथ्या हिश्श्याची, ६.९ सेंटिमीटर. जवळच्या मोबाइल टॉवरचा गोंगाट अडवण्यासाठी मध्ये एक गाळणी बसवली. उभारणीसाठी दांडी हवी होती. अण्णांनी वखारीत पडलेली जुन्या काट्याची दांडी काढून दिली. तिला पाण्याच्या टाकीपासून दूर, चहूकडे मोकळे आकाश मिळेल असे बसवले.

त्या संध्याकाळी पडद्यावरचा नकाशा भरून गेला. रत्नागिरीच्या पलीकडे समुद्रावर एक, सोलापूरच्या बाजूला दोन, गोव्याकडे उतरणारे एक. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचे विमान मोकळ्या क्षितिजावर चारशे किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकते. त्यापुढे पृथ्वीची गोलाई आड येते. मुंबई आणि बंगळूर यांना जोडणारी सरळ रेषा सांगली-मिरजेच्या आसपासूनच जाते, त्यामुळे त्या वाटेवरची विमाने जणू घराच्या अंगणातून जावीत तशी जात.

“हे सगळं मोबाइलवर दिसतं म्हणतात,” अक्का म्हणाल्या.

“दिसतं ना. पण ते तरी कुठून येतं? अशीच हजारो घरं आहेत जगभर. २००६ साली स्वीडनमधल्या दोन हौशी माणसांनी आपापल्या भागात असेच कान उभे केले, त्यातून तो मोठा नकाशा झाला. तो दुसऱ्यांनी ऐकलेला. हा आपण ऐकलेला.”

दुसऱ्याच्या वहीतील नोंद आणि स्वतःच्या वहीतील नोंद यांतील अंतर अण्णांना सांगावे लागत नाही. ते प्रथमच खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. त्यांनी एक नवी वहीच काढली, लाल कापडी बांधणीची. तारीख, वेळ, फेरीचा क्रमांक, उंची, दिशा. भारतात नोंदलेल्या विमानांची कायमची ओळख ८० ते ८३ या अंकांनी सुरू होते, हे त्यांनी पाठ केले. त्यांना सर्वांत भावली ती एक गोष्ट. विमानाचा संपूर्ण संदेश ११२ अंकांचा, शून्य किंवा एक. त्यातील मजकूर पहिल्या ८८ अंकांत आणि शेवटचे २४ अंक केवळ पडताळ्यासाठी. विमान गणित करून ते जोडते, यंत्र तेच गणित पुन्हा करते आणि जमले नाही तर संदेश नाकारते.

“ताळा!” अण्णा उद्गारले. बेरजेचा ताळा घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात रोजमेळ मिटला नव्हता.

पंधरा दिवसांत त्यांनी स्वतःच एक शोध लावला. बंगळूरहून मुंबईकडे जाणारी विमाने ३४ हजार, ३६ हजार अशा सम आकड्यांवर असतात. मुंबईहून येणारी ३३ हजार, ३५ हजार अशा विषम आकड्यांवर. नातीने पुस्तकात पाहून सांगितले की, तो नियमच आहे. पश्चिमेकडे जाणारी सम, पूर्वेकडे जाणारी विषम, म्हणजे समोरासमोर येणाऱ्यांमध्ये निदान हजार फुटांचे अंतर राहते. “टक्कर होत नाही,” ती म्हणाली.

“भेटही होत नाही,” अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यावर कोणी काही बोलले नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की, नकाशासमोर बसण्याचा घराला जणू परिपाठ पडला. अशाच एका बुधवारी पावणेआठच्या सुमारास अक्का पदराला हात पुशीत आल्या. त्यांच्या हातात कॅलेंडरच्या पानाचा एक तुकडा होता. त्यांनी त्यावरचा आकडा पडद्यावर शोधला आणि एका चिन्हावर बोट ठेवले.

“यात तो आहे.”

मोठा मुलगा कामानिमित्त दर पंधरवड्याला मुंबईस जात असे. सोमवारी सकाळी जाणे, बुधवारी संध्याकाळी परतणे. विमानात बसण्यापूर्वी तो अक्कांना फोन करी, फेरीचा क्रमांक सांगे. दीड-दोन वर्षे हा क्रम चालू होता. म्हणजे महिन्यातून चार वेळा मुलगा घराच्या माथ्यावरून जात होता आणि ते अक्कांना ठाऊक होते, अण्णांना नव्हते.

चिन्ह कराडवरून सरकत आले. अण्णा काही बोलले नाहीत. ते उठून गच्चीवर गेले. आकाश स्वच्छ होते. वायव्येकडून एक दिवा आला, लुकलुकत डोक्यावर चढला आणि आग्नेयेकडे उतरत गेला. खाली आल्यावर नातीने सांगितले की, विमान अगदी घरावर असताना पाच-सहा सेकंद संदेश तुटला होता. उभी तार क्षितिजाकडून येणारे उत्तम ऐकते, नेमके डोक्यावरचे तिला सर्वांत कमी ऐकू येते. अण्णांनी मान हलवली. रात्री त्यांनी वहीत त्या फेरीची नोंद केली आणि समासात शाईचा एक ठिपका दिला.

पुढे तसे ठिपके वाढत गेले. सोमवारी सकाळी जाणारे विमान सांगली ओलांडल्यावर काही वेळातच उंची सोडू लागे आणि मुंबईस पोहोचण्यापूर्वी सह्याद्रीआड, क्षितिजाखाली जाऊन पडद्यावरून पुसले जाई. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा अक्का घाबरल्या होत्या. “दिसेनासं झालं म्हणजे काही झालं असं नाही. ते आपल्या टप्प्याबाहेर गेलं एवढंच,” असे नातीनेच त्यांना समजावले होते. अण्णा ते ऐकत होते. एकदा त्यांनी तिला सहज विचारावे तसे विचारले, “आपण ऐकतोय हे त्यांना कळतं का गं?”

“नाही अण्णा. हे यंत्र फक्त ऐकतं. बोलायची सोयच नाही यात.”

आषाढातील एक बुधवार. दुपारपासून पावसाची झड लागली होती. धाकटा मुलगा, सून आणि नात कोल्हापूरला नातेवाइकांकडे गेली होती. घरात दोघेच. साडेसातला ते चिन्ह सातारच्या बाजूला उमटले. उंची ३५ हजार फूट. अण्णांनी चष्मा पुसला, वही उघडली. आणि चिन्ह थांबले.

पडद्यावर प्रत्येक विमानापुढे शेवटचा संदेश किती सेकंदांपूर्वी आला हे दिसते. तो आकडा एरवी शून्य-एकच्या वर जात नाही. आता तो वाढू लागला. दहा, वीस, चाळीस. साठ सेकंद संदेश आला नाही की, प्रोग्रॅम ते नाव यादीतून काढून टाकतो. साठ झाले. नाव गेले. पाठोपाठ बाकीचीही नावे गेली आणि यादी कोरी झाली.

सगळीच विमाने एकदम नाहीशी झाली याचा अर्थ दोष आपल्या यंत्रात आहे, हे अण्णांच्या बुद्धीला कळत होते. आयुष्यभर हिशोब केलेला माणूस तो. तरीही ते छत्री घेऊन गच्चीवर गेले. पाण्यात उभे राहून त्यांनी पेटीला हात लावून पाहिला. आतला बारीक हिरवा दिवा विझला होता. वर ढगांशिवाय काही नव्हते. भिजून खाली आल्यावर त्यांनी खिशातला साधा बटणांचा फोन काढला. मुलाचा क्रमांक त्यात साठवलेला नव्हता. अण्णांना तो तोंडपाठ होता. त्यांनी दहा अंक दाबले. फोन बंद असल्याची सूचना ऐकू आली.

“विमानात आहे तो,” अक्का म्हणाल्या. “पोचला की करेल फोन. नेहमी करतो.”

“तुला करतो,” अण्णा म्हणाले.

त्यानंतरचा दीड तास दोघे कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिले. अक्कांनी जपमाळ घेतली. अण्णांनी वहीची मागची पाने चाळली. समासातले ठिपके मोजले. अकरा होते. अकरा वेळा त्यांनी त्याला येताना-जाताना ऐकले होते आणि त्याला त्यातले काहीही ठाऊक नव्हते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा ते दहा अंक दाबले. या वेळी घंटा वाजली. पलीकडून फोन उचलला गेला, पण क्षणभर शब्द आला नाही. मग प्रश्नासारखे एवढेच आले, “अण्णा?”

“पोचलास का?”

“हो. आत्ताच बाहेर येतोय. काय झालं? अक्का बरी आहे ना?”

“सगळे बरे आहेत.” अण्णा थांबले. “इथं पाऊस आहे. तिथं?”

“थोडा आहे.”

“सातारवर तुझं विमान ३५ हजारांवर होतं. मग आमचं यंत्र बंद पडलं. म्हणून विचारलं.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. ती तुटलेल्या संदेशाची शांतता नव्हती. मोठ्या स्थानकातील माणसांचा, सामानाच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग मुलगा म्हणाला, “अण्णा, तुम्ही बघता?”

“बघतो,” अण्णा म्हणाले. “घरी जा आता. उशीर करू नको.” आणि त्यांनी फोन अक्कांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी नातीने पेटी उघडली. पावसाने रेडिओचे संदेश अडत नाहीत. या लहरींना पावसाचा फारसा अडथळा होत नाही. दोष साधा होता. विजेची तार पेटीत वरून सरळ शिरत होती आणि तिच्या अंगावरून ओघळणारे पाणी आत गेले होते. तिने तार खालून घेतली, शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळण दिले, म्हणजे पाणी त्या वळणावरूनच ठिबकून जावे. जोडांना चिकट पट्टी गुंडाळली. संध्याकाळपर्यंत नकाशा पुन्हा भरला.

खतावणीतील ते पान अण्णांनी खोडले नाही. पैशांचा तो हिशोब खरोखरच पूर्ण झाला होता आणि खरी नोंद खोडण्याची त्यांची रीत नाही. मात्र त्यानंतर दर रविवारी सकाळी, पेढीला सुट्टी असते तेव्हा, ते स्वतः दहा अंक दाबतात. बोलणे फार लांबत नाही. हळदीचा भाव, बंगळूरची हवा, नातवाची परीक्षा. कधी नुसतीच शांतता असते, तरी फोन कोणी आधी ठेवत नाही.

श्रावणातल्या एका बुधवारी ते विमान नेहमीच्या वेळी मुंबईहून निघाले. सातारा, कराड ओलांडून ३५ हजार फुटांवरून सांगलीच्या माथ्यावर आले आणि आग्नेयेकडे निघून गेले. अण्णांनी त्याची नोंद केली. समासात ठिपका मात्र दिला नाही. वही मिटून ते लवकर झोपले. मुंबईहून रात्री निघणारी कोल्हापूरची गाडी पहाटे येते आणि त्यांना स्टेशनवर वेळेत पोहोचायचे होते.